हरणीच्या बरोबरीनं

घोडी थांबवून तानानं मागं वळून बघितलं, तर जीप अजून निम्म्या माळावरच होती.

ही तिसरी खेप. माळाच्या वरच्या अंगाला तांबडं निशाण रोवलं होतं. तिथवर घोडीनं दौडत जायचं आणि जीपनं तिच्या बरोबरीनं यायचं, असं ठरलेलं. जीपमध्ये कॅमेरा, कॅमेऱ्याला मिठी मारून बसलेली दोन माणसं, बॅटरीच्या जड पेट्या आणि पुढं ड्रायव्हर. इशारा झाला की हरणी जागच्या जागी उसळी घ्यायची. जीप मात्र आधी कण्हायची, मग थरथरायची, मग हलायची... आणि ती चालीला लागेस्तोवर घोडीची शेपटीसुद्धा कॅमेऱ्याच्या हाती लागायची नाही.

खाली राहुटीजवळ दिग्दर्शक अण्णा डोक्यावरची टोपी काढत होते आणि परत घालत होते. चिडले की ते हेच करायचे.

तानानं हरणीला चालवत खाली आणलं आणि जीपच्या शेजारी उभं केलं. बॉनेटमधून वाफ निघत होती. ड्रायव्हर खाली उतरून कमरेवर हात ठेवून गाडीकडं बघत होता. तरणा गडी, पलटणीतली खाकी विजार, हाताला कोपरापर्यंत ऑईल.

"काय पावणं, आज गाडीला वैरण घातली न्हाई वाटतं?"

"घातलीया की," तो मान वर न करताच म्हणाला. "पर तिचा सोभावच दमानं उठायचा."

"एवढ्या दमानं? आमच्या दारची म्हस हिच्या आधी उठती."

आता त्यानं वर बघितलं. ताना चित्रपटातल्या राणीच्या लढाईच्या वेषात होती, डोक्याला फेटा, अंगात चिलखत. तोंडावरचा शेला तिनं बोलण्यासाठी हनुवटीखाली ओढला होता. तो बघतच राहिला. सकाळपासून घोड्यावर कुणी पोरगा बसलाय, असंच तो धरून चालला होता.

"तुमी... बाईमाणूस हाय?"

"का? बाईमाणूस पुढं गेलं म्हणून गाडी जास्त दमली?"

कॅमेऱ्याची माणसं हसली. तोही हसला, पण कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "बाळासो म्हणत्यात मला," तो म्हणाला, "आनी गाडी दमली न्हाई. तिचं दात कमी पडत्यात."

गाडीला दात असतात हे ताना पहिल्यांदाच ऐकत होती. पण विचारायच्या आत अण्णांची हाक आली.

तानाचा बाप केरबा संस्थानच्या पागेत मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा. घोडी आणि माणसं एकाच छपराखाली वाढावीत तशी ताना वाढली. आई लहानपणीच गेली, तेव्हा रडणाऱ्या पोरीला केरबानं शांत केलं ते घोड्याच्या पाठीवर बसवून. मग संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोड्यांचा लिलाव झाला. एका शिंगरीला कुणी बोलीच लावेना, कारण तिच्या कपाळावर भोवरा चुकीच्या जागी होता. केरबानं तिला मागून घेतलं आणि फुलेवाडीच्या घरी आणून बांधलं. तीच हरणी. लोक म्हणायचे, अशी घोडी धन्याला लाभत नाही. ताना म्हणायची, आमी कुठं धनी, आमी तिची माणसं.

कोल्हापुरात तेव्हा चित्रपटांचं काम जोरात होतं. अण्णांच्या कंपनीनं एका लढाऊ राणीचा चित्रपट काढायला घेतला. राणी होणार होत्या पुण्याच्या पद्मजाबाई. दिसायला देखण्या, बोलायला गोड, पण घोडं बघितलं की त्यांचे तळहात गार पडायचे. म्हणून लांबून दिसणाऱ्या दौडीला ताना, आणि जवळून दिसणाऱ्या चेहऱ्याला उभ्या घोड्यावर पद्मजाबाई, अशी वाटणी झाली. त्या कामावर हरणीची वैरण निघत होती, केरबाच्या खोकल्याचं औषध येत होतं. आणि तानाला काय मिळत होतं? पागा मोडल्यापासून तिला अशी मोकळी दौड मिळाली नव्हती. ती मिळत होती.

काम चालू असेपर्यंत हरणीला स्टुडिओच्या आवारातच बांधायची सोय होती. जीपही तिथंच उभी असायची. त्या दिवशी संध्याकाळी ताना हरणीचं अंग चोळत होती आणि पलीकडं बाळासो जीपखाली आडवा झाला होता.

"दात म्हणालासा सकाळी," तिनं हरणीच्या पोटाखालून वाकून विचारलं. "कुठल्या दातांचं?"

तो जीपखालून सरपटत बाहेर आला. मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यावर त्यानं टिचकी मारली. "ह्याच्या पोटात दोन चाकं हाईत, दातांची. एक ल्हान, एक मोठं. ल्हान म्हंजे पिनियन, मोठं म्हंजे क्राऊन. इंजिन पिनियनला फिरवतंय, पिनियन क्राऊनला, अन क्राऊन चाकांना. पिनियनला आठ दात, क्राऊनला एकोणचाळीस. गाडी लढाईतली हाय, गोऱ्या सायबांनी रस्त्यावर पळवायचा हिशेब धरून हे दात पाडल्यात. आमी तिच्यावर कॅमेरा अन माणसं लादून तिला माळावर घोडीमागं सोडलंय."

"मग खालचा गिअर टाका की. सकाळी वाटंत चिखलात टाकलावता न्हवं?"

"त्यात जोर हाय, पर चाल बैलाची." तो तिच्याकडं जरा कौतुकानं बघत होता. "क्राऊन त्रेचाळीस दातांचा बसवला, तर चाक एकदा फिरायला इंजिन जास्त फिरंल. जास्त फिरलं की जोर जास्त. उभ्या जागेवरनं उडी घेईल गाडी. वरची पळ थोडी जाईल, पर माळावर वरची पळ हवी कुणाला?"

"म्हंजे हरणीच्या बरोबर निगंल?"

"हरणीच्या न्हवं," तो म्हणाला, आणि मग हातातल्या पान्याकडं बघत हळूच, "...तुमच्या."

तानानं हरणीच्या अंगावरून खरारा जरा जोरातच ओढला. घोडीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

नव्या जीपगाड्या मुंबईत जोडायला लागले होते आणि त्यांना हेच त्रेचाळीस दातांचे क्राऊन येत होते. बाळासोनं अण्णांना पटवलं. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी एकेक, असे पिनियन-क्राऊनचे दोन जोड रेल्वेनं यायचे होते. आधी एकच जोड आला, दुसरा मागं राहिला. अण्णांना घाई होती. ते म्हणाले, बसव एकच. बाळासोनं ऐकलं नाही.

"का हो?" तानानं नंतर विचारलं. "मागं बसवला असता तर चाललं नसतं?"

"चारी चाकं वढायला लागली की मागची एका मापानं फिरणार, पुढची दुसऱ्या. गाडी आतल्या आत भांडत ऱ्हाणार. वरनं दिसत न्हाई. मग एक दिवस कायतरी तुटतंय."

दुसरा जोड आला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. सकाळी आवारात धुकं असायचं आणि कुठल्या तरी गुऱ्हाळातला रसाचा गोड वास वाऱ्यावर यायचा. बाळासोनं दोन्ही गोळे उघडले. एका वाटीत त्यानं तेलात शेंदूर कालवला आणि बोटानं क्राऊनच्या दातांवर लावला.

"ह्ये काय, पूजा?"

"दात दाताला नेमका कुठं लागतोय, ते शेंदूर सांगतोय. हितनं शाफ्ट फिरवा. हळू... आनी हळू."

तानानं शाफ्ट फिरवला. घोड्याचा लगाम धरणाऱ्या हाताला हळू म्हणजे किती, ते सांगावं लागत नाही. दोघं वाकून बघत होते. दातावर शेंदराचा ठसा टोकाला उमटला. त्यानं पिनियन काढलं, पातळशी चकती घातली, परत बसवलं. परत शेंदूर. परत तिचा हात. ठसा सरकत सरकत दाताच्या बरोबर मधोमध आला तेव्हा उन्हं वर आली होती, आणि दोघांची डोकी एकमेकांना लागायच्या बेतात होती.

"बसला," तो पुटपुटला.

"बसला," तीही म्हणाली. कशाबद्दल म्हणाली, कोण जाणे.

तिच्या हातातलं फडकं घेताना त्याचा अंगठा तिच्या मनगटाला लागला. तांबडा ठसा तिथंही उमटला. त्यानं बघितला, तिनं बघितला, पुसला कुणीच नाही. घरी गेल्यावर केरबानं विचारलं, "मारुतीला गेलतीस व्हय गं?"

"व्हय," ताना म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवशी भाकऱ्या दोन करपल्या.

माळावरची ती दौड तिला पुढं जन्मभर आठवणार होती. इशारा झाला, हरणीनं उसळी घेतली, आणि तानाला वाटलं, नेहमीप्रमाणे आता मागं धूळ आणि कण्हणं. पण उजव्या कानाशी इंजिनाचा आवाज गुरगुरत आला आणि तिथंच राहिला. तिनं तिरक्या नजरेनं बघितलं. जीप तिच्या बरोबरीनं होती! दगडांवरून उडत, आपटत, पण बरोबरीनं. बाळासोचे दोन्ही हात चाकावर, दात आवळलेले, आणि डोळे... रस्त्यावर असायला हवे होते, ते तिच्यावर होते. वाऱ्यानं तिचा शेला तोंडावरून निसटला. तिला तो सावरायचं सुचलं नाही. ती हसत होती. निशाण मागं पडलं तरी दोघांपैकी कुणीच थांबलं नाही. पार ओढ्याच्या काठापर्यंत गेल्यावर हरणीनंच आपलं आपण थांबायचं ठरवलं.

"कसं?" त्यानं जीपमधून विचारलं. धाप त्यालाच लागली होती.

"मी आता जरा भ्यायला पायजे," ताना म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी तीही 'मी जातो, मी येतो' असंच बोलायची. "उद्या तुमी मला मागं टाकशीला."

"मागं टाकायला न्हाई केलं ते," तो म्हणाला.

चार दिवसांनी धुऊन आलेली फिल्म स्टुडिओतल्या लहान पडद्यावर बघायला सगळे बसले. ताना आणि बाळासो मागं भिंतीला टेकून उभे. पडद्यावर घोडी आली, आणि घोडीवर तानाला तिचंच तोंड दिसलं. उघडं, हसरं, केस उडालेले. जन्मात तिनं स्वतःला असं बघितलं नव्हतं. अंधारात बाळासोचं बोट तिच्या बोटाला लागलं आणि तिथंच राहिलं.

दिवे लागले. अण्णांनी टोपी काढली, परत घातली. "असा शॉट मी आजवर घेतला नव्हता," ते म्हणाले. "पण हा चेहरा आपल्या राणीचा नाही."

पद्मजाबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

"शेला चुकून सुटला," ताना म्हणाली. "परत करतो की. घट्ट बांधतो."

"बघू," अण्णा म्हणाले. "आठवडाभर बाहेरचं काम बंद. बाळासो, तू जरा थांब."

त्या सुट्टीत बाळासो दोनदा फुलेवाडीला आला. एकदा केरबाच्या औषधाचं निमित्त होतं, दुसऱ्यांदा निमित्तसुद्धा नव्हतं. केरबानं त्याला बसायला घोंगडं टाकलं, लढाईतल्या गोष्टी विचारल्या, आणि वैरण बघून येतो म्हणून बराच वेळ मागच्या अंगाला थांबला. दोघं मळ्याच्या वाटेनं गुऱ्हाळापर्यंत गेली. गुळव्यानं उसाच्या पानावर गरम गूळ दिला. बाळासोनं फुंकर घालून तिच्या हातात ठेवला.

"पोळंल," तो म्हणाला.

"पोळू दे."

काहिलीत रस उकळत होता. चेहऱ्याला वाफ लागत होती.

"ताना," त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "समज... हरणीवर बसायचं काम नसतंच, तर तू काय केलं असतंस?"

"नसतंच म्हंजे?"

"समज म्हणतोय."

"मग मी तुमच्या जीपवर बसलो असतो," ती हसून म्हणाली. "अन तुमाला म्हणालो असतो, आणखी पळवा."

तो हसला. पण नेहमीसारखा नाही. तिला वाटलं, लाजला.

आठवड्यानं बोलावणं आलं. ताना भल्या सकाळी हरणीला घेऊन माळावर पोचली. जीप राहुटीच्या मागं उभी होती आणि तिच्या पाठीमागं काहीतरी उंच, ताडपत्री घातलेलं. वारा आला तसं ताडपत्रीचं टोक उडालं.

लाकडाचं घोडं होतं. घोडं तरी कुठलं, नुसती पाठ आणि मान. जीपच्या सांगाड्याला लोखंडी पट्ट्या मारून मागं पक्कं बसवलेलं, मानेला खऱ्या केसांची आयाळ. त्याच्या समोर, ड्रायव्हरच्या शेजारी, मागं तोंड करून कॅमेरा. ते जोडकाम कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही. त्या पट्ट्यांचे कोपरे ज्या हातानं कानशीनं घासून गोल केले होते, तो हात तिला ओळखीचा होता. बसणाऱ्याला लागू नये म्हणून असे कोपरे घासणारा माणूस तिथं एकच होता.

बाळासो जीपच्या पलीकडं होता. त्याची नजर तिच्या नजरेला भिडली आणि खाली गेली.

अण्णा पुढं आले. माणूस वाईट नव्हता, त्यांना चित्रपट दिसत होता आणि त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. "हे बघ ताना, जीप आता उभ्या जागेवरून घोड्यासारखी उडी घेते. पद्मजाबाईंना यावर बसवलं की चेहराही मिळतो आणि वेगही मिळतो. मग जवळचं, लांबचं असं तुकडे जोडायला नको. तुझे पूर्वीचे शॉट आहेत ते राहतील." मग जरा थांबून म्हणाले, "एवढंच, की खोगीर खरं हवं. तुझ्या घोडीचं दे."

तानानं हरणीच्या पोटाखालचा तंग सोडला, खोगीर उतरवलं, आणि स्वतःच नेऊन त्या लाकडावर चढवलं. सवयीनं तंगाखाली बोट घालून बघितलं. जास्त आवळला की जनावराला काचतो.

पद्मजाबाई वर चढल्या. लगाम त्यांनी दोन्ही मुठींत दोरखंडासारखा धरला. अण्णा म्हणाले, "ताना, जरा दाखव गं."

तिनं दाखवलं. बोटांच्या मधून लगाम कसा घ्यायचा, उसळीला पाठ कशी सैल सोडायची, मान कुठं ठेवायची. पद्मजाबाईंचे हात गारच होते. त्या हळूच म्हणाल्या, "तुला आजच कळलं का हे? मला वाटलं, बाळासोंनी केव्हाच सांगितलं असेल. त्याच दिवशी ठरलं होतं, फिल्म बघितली त्या दिवशी."

"गुडघा आत घ्या," ताना म्हणाली. "न्हाईतर धक्क्याला पाय उडंल."

इशारा झाला. जीपनं उडी घेतली. पद्मजाबाईंचे केस मागं उडाले, आयाळ उडाली, धूळ उडाली, आणि अण्णांनी टोपी हातातच धरून ठेवली. फार छान दिसत होतं. मोकळ्या पाठीची हरणी कान टवकारून त्या धुळीकडं बघत होती आणि पुढं जायला ओढत होती. तानानं तिचा कासरा घट्ट धरला.

दुपारी जेवायच्या सुट्टीत बाळासो ओढ्याकडं आला. ताना हरणीला पाणी पाजत होती.

"तुला सांगणार हुतो."

"कवा?"

"दोनदा घरी आलो ते त्याच्यासाठीच. तुज्याकडं बघितलं की..."

"गुऱ्हाळावर विचारलंसा ते हेच व्हय? समज म्हणून?"

तो हाताचं ऑईल विजारीला पुसत राहिला.

"अण्णांनी सांगितल्यावर न्हाई म्हणायचं जमलं नसंल, ते कळतंय मला. तुमची नोकरी हाय. पर मला सांगायला काय झालतं? मी चार दिवस आधी रडून मोकळी झालो असतो. आज सगळ्यांच्या म्होरं खोगीर उतरवायला लागलं नसतं."

"ताना, ऐक." तो एक पाऊल पुढं आला. "मी वेगळा इचार केलता. असं बघ, कायमचं थोडंच घोड्यावर बसणार हुतीस तू? लगीन झाल्यावर कोण बसू देतंय? मी आत्तीला तुमच्या घरी पाठवणार हाय. मला पगार हाय. तुला कशाला हवी ती आदळआपट? म्हटलं, काम आपसूक सुटलं तर... बरंच हाय की."

हरणीनं पाण्यातून तोंड काढलं. ओठांवरून थेंब गळत होते. तानानं त्याच्याकडं बघितलं. किती दिवस ती या तोंडाकडं चोरून बघत आली होती, आणि आता सरळ बघता येत होतं.

"त्या दिवशी निशाण मागं टाकून ओढ्यापर्यंत आलो," ती म्हणाली. "तवा काय दिसलं तुमाला?"

"तू दिसलीस."

"न्हाई दिसलो," ती म्हणाली. "दिसलो असतो तर आपसूक सुटलं तर बरं, असं म्हणाला नसतासा."

पौष संपल्यावर त्याची आत्ती धोंडुबाई रीतसर विचारायला आली. चांगली बाई. केरबाला स्थळ मनापासून पसंत होतं. पाहुणी गेल्यावर त्यानं तानाला जवळ बसवलं. "पोरगा वंगाळ न्हाई गं. अन तुजंबी मन हाय त्याच्यावर, मला काय दिसत न्हाई व्हय?"

"हाय," ती म्हणाली. "पर मी न्हाई करायची, अप्पा."

केरबानं आणखी काही विचारलं नाही. पागेत आयुष्य गेलेला माणूस तो. जनावर एकदा बुजलं की ओढून पुढं नेता येत नाही, हे त्याला माहीत होतं. तो खोकत खोकत उठला आणि बाहेर जाऊन हरणीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

चित्रपट लागला. कोल्हापुरात गर्दी झाली. राणीच्या दौडीला लोक टाळ्या वाजवतात, असं शेजारच्या बायकांनी येऊन सांगितलं. ताना गेली नाही. त्यानंतर कंपनीत घोड्याचं काम निघालं नाही, आणि वैरण काही आपोआप येत नव्हती. केरबानं एक जुना टांगा घेतला. दौडणाऱ्या घोडीला टांग्याच्या दांड्यांमध्ये उभं करणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून ते काम तानानंच केलं. हरणी तीन दिवस अडली. चौथ्या दिवशी चालायला लागली. ती अडली होती त्यापेक्षा चालायला लागली, तेच तानाला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी केरबाचा खोकला वाढला आणि लगाम तानानं हातात घेतला. टांगा हाकणारी बाई म्हणून गंगावेशीत लोक आधी वळून वळून बघायचे. मग सवय झाली. पंचगंगेवरून येणाऱ्या बायका तर मुद्दाम तिच्याच टांग्यात बसायच्या.

एका दुपारी कुणीतरी मागून ट्रंक चढवली आणि म्हणालं, "स्टेशन."

तिनं वळून बघितलं नाही. आवाज पुरे होता. हरणी चालू लागली.

महाद्वार आलं. मग तोच म्हणाला, "टांग्याजवळ आल्यावर हरणीला वळखलं. तू असशील असं न्हवतं वाटलं."

"अप्पांना बरं न्हाई."

"मद्रासला निघालोय. हितलं काम कमी झालं. तिकडं एका कंपनीत गाड्या हाईत, बऱ्याच."

"चांगलं झालं."

बिंदू चौकात गर्दी होती. तिनं लगाम आवळला, सोडला. तो तिच्या हातांकडं बघत होता, हे पाठीलाही कळत होतं.

"लगीन न्हाई केलं मी," तो म्हणाला.

"मीबी न्हाई."

"ताना... तुजं मन हुतं का माझ्यावर?"

गर्दी सुटली. रस्ता मोकळा झाला. टापांचा आवाज एकसारखा येत होता.

"हुतं," ती म्हणाली. "आताबी हाय. म्हणून तर न्हाई म्हणालो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार दिवसांत इसरलो असतो."

"मी चुकलो."

"चुकला न्हाईसा. तुमाला माजं भलंच करायचं हुतं. ते मला न विचारता करायचं हुतं, एवढंच." ती जरा थांबली. "आनी तसंच करत ऱ्हायला असतासा. जन्मभर. मी तुमच्यासंगं बसून ते बघत ऱ्हायलो असतो."

स्टेशन आलं. त्यानं ट्रंक उतरवली. जायला हवं होतं, पण तो टांग्याच्या पायरीशी उभाच राहिला. केसांत कानापाशी एक पांढरी बट आली होती. तिला ती नवी होती.

"तू म्हणालीस तर गाडी सोडून देतो," तो हळू म्हणाला. "आता विचारतोय बघ. विचारूनच करतोय."

तानानं बघितलं त्याच्याकडं, अगदी भरून बघितलं. हो म्हणायला फार वेळ लागला नसता. शब्द ओठापर्यंत आलाही होता. पण तो थांबणार तो तिच्यासाठी, आणि मग तिनं आयुष्यभर त्याचं देणं असल्यासारखं वागायचं, हेही तिला त्याच वेळी दिसलं. आत कुठंतरी एक भांडण कधीच मिटणार नाही, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं.

"जावा तुमी," ती म्हणाली. "गाडी सुटंल."

त्यानं मान हलवली. ट्रंक खांद्यावर घेतली. फाटकापाशी एकदा थांबला... वळला मात्र नाही.

आतून इंजिनाची शिट्टी झाली. ताना लगाम धरून बसून राहिली. डोळ्यांसमोरचं सगळं पुसट झालं होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात एक म्हातारा गाठोडं घेऊन टांग्याजवळ आला.

"काय गं लेकी, टांगा रिकामा हाय का?"

तिनं लगाम एका हातात घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"व्हय, रिकामा हाय," ती म्हणाली. "बसा."